‘नाही’ ऐकणारी प्रीती

शास्त्रपाठ : २ शमुवेल १३:१-२२, उत्पत्ति २४:५०-५८



दिवाळी आटोपली की नवापूर-नंदुरबारकडची कितीतरी घरे कुलूपबंद होतात. माणसे ऊसतोडीसाठी बारडोलीच्या बाजूला जातात, ती उन्हाळा सरत आला म्हणजे परततात. यांत आपल्या मंडळ्यांतलीही कुटुंबे असतात. उपासनेला पुढची बाके रिकामी दिसू लागली आणि शब्बाथ शाळेच्या हजेरीपटावर आडव्या रेघा पडू लागल्या, की हंगाम सुरू झाला हे पाळकसाहेबांना कोणी सांगावे लागत नाही.

एका वर्षी नाताळानंतर आम्ही या कुटुंबांना भेटण्यासाठी बारडोलीकडे गेलो होतो. तिथे ज्या प्रश्नाशी आमची गाठ पडली, त्याविषयी आज लिहावयाचे आहे. प्रश्न तरुण मुलामुलींच्या प्रीतीचा आहे. शहरातल्या मुलांच्या तोंडी आता ‘डेटिंग’ हा शब्द सर्रास असतो. आमच्याकडच्या गावांत तो नाही. तिथे नुसते म्हणतात, “ते दोघं बोलतात.” परंतु शब्द कोणताही असो, सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींना एकमेकांची ओढ वाटते, आणि ती वाटावी अशीच देवाने माणसाची घडण केली आहे. त्या ओढीचे निकोप नाते केव्हा होते आणि केव्हा होत नाही, हे त्यांना कोण सांगणार? आपण सांगत नाही. आपल्या घरांत याविषयी दोनच उपाय माहीत असतात. एक दटावणे, आणि दुसरा घाईघाईने लग्न लावून देणे.

आता जी हकीकत सांगतो ती अशाच घाईची. एका मंडळीतील मुलगा एकोणीस वर्षांचा आणि मुलगी सोळा वर्षांची, नुकतीच दहावी झालेली. तरुण संघाच्या गायनाच्या सरावाला दोघे येत. सराव संपल्यावर चर्चच्या पायरीवर बोलत बसत. पुढे मोबाइलवर निरोप सुरू झाले. इतक्यात कोणीतरी पाहिले, कोणीतरी सांगितले, आणि महिन्याभरात साऱ्या मंडळीला ठाऊक झाले. वडील मंडळींचे मत पडले की बोभाटा होण्यापूर्वी दोघांचे ठरवून टाकावे. मुलाच्या वडिलांनी तर त्याआधीच मुकादमाकडून जोडीची उचल घेतली होती.

येथे ऊसतोडीची रीत ठाऊक नसलेल्या वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. तोडीच्या भाषेत कोयता म्हणजे नुसते हत्यार नव्हे. कोयता म्हणजे जोडी. एक पुरुष, एक बाई, आणि त्या भागात पुष्कळदा हाताखाली एक पोर. पुरुष ऊस तोडतो, बाई पाचट काढते, मोळी बांधते, डोक्यावरून वाहते. मुकादम हंगामापूर्वी उचल देतो ती कोयत्याच्या हिशेबाने. एकट्या पोराला कोण उचल देणार? मुलाच्या आईने आम्हांला अगदी सरळपणे सांगितले, “पाळकसाहेब, सून आली तर कोयता होतो. नाहीतर पोरगा घरी बसून खाईल.” तिच्या बोलण्यात कपट नव्हते. ती स्वतः अशीच कोयत्याला जोडली गेली होती.

एवढ्यावर आशीर्वाद मागण्यात आला. पाळकसाहेबांनी कायदा दाखविला. १९७८ सालापासून आपल्या देशात लग्नाचे वय मुलीला १८ व मुलाला २१ आहे. ख्रिस्ती विवाहाच्या १८७२ च्या कायद्यातही तेच वय घातलेले आहे. या प्रकरणात मुलगी लहान आणि मुलगाही लहान. तेव्हा कोणी म्हणाले, “नुसती प्रार्थना करा, नोंद पुढे बघू.” कायद्यातून अशी पळवाट काढण्यासाठी प्रार्थनेचा उपयोग व्हावा, ही आमच्या मंडळ्यांतील दुखणाईत गोष्ट आहे. पाळकसाहेबांनी त्यालाही नकार दिला आणि महिला मंडळाच्या एका वयस्क भगिनीला सोबत घेऊन त्या मुलीला एकटीला विचारले. तोवर तिला कोणीच काही विचारले नव्हते.

ती म्हणाली, “तो मला आवडतो. पण मला आत्ता लग्न नाही करायचं. मला अकरावीला जायचंय.”

हे मुलाला कळले तेव्हा तो संतापला. त्याने तिला निरोप पाठविला की असे असेल तर तुझे प्रेम खरे नाही.

या ठिकाणी आपण शास्त्रपाठाकडे वळू. दाविदाचा मुलगा अम्नोन याची गोष्ट शब्बाथ शाळेत कोणी शिकवीत नाही. शिक्षक १२ व्या अध्यायावरून एकदम १५ व्या अध्यायावर जातात, आणि ते का जातात हे आम्हांला समजते. आपल्या सावत्र बहिणीवर बळजोरी करणारा राजपुत्र मुलांपुढे कसा उभा करावयाचा? पण ही गोष्ट सुरू कशी होते ते पाहा. शास्त्र म्हणते की अम्नोनाची तिच्यावर प्रीती जडली. तिच्या ध्यासाने तो आजारी पडला, दिवसेंदिवस वाळत चालला. आपल्या सिनेमांत नायकाचे जे जे वर्णन असते ते सर्व या पहिल्या चार ओव्यांत आहे. कोणी पाहिले असते तर म्हणाले असते, केवढे हे प्रेम!

मग योनादाब येतो. शास्त्र त्याला अम्नोनाचा मित्र म्हणते आणि मोठा धूर्त म्हणते. त्याने युक्ती सांगितली. असे मित्र आजही आहेत. फार तर आता ते मोबाइलवरच्या टोळक्यात असतात आणि एका वेळी वीसजण सल्ला देतात.

तामार काय करते? ती रडत ओरडत नाही, ती बोलते. चार गोष्टी सांगते. असले कृत्य आपल्या लोकांत करीत नाहीत, मी माझी अप्रतिष्ठा घेऊन कोठे जाऊ, तुझी गणना मूर्खांत होईल, राजाशी बोल. त्या एकांतात, त्या भीतीत, तिने त्याला चार वाटा दाखविल्या. चौदाव्या ओवीत लिहिले आहे की त्याने तिचे ऐकले नाही. आणि त्याच्या पुढच्याच ओवीत, जितकी प्रीती होती त्याहून अधिक द्वेष त्याच्या मनात उत्पन्न झाला. जिला तो मिळवू पाहत होता, तिला चाकराकडून दाराबाहेर काढून त्याने कडी लावली.

आम्ही बरीच वर्षे हा अध्याय वाचीत आलो आणि प्रीतीचा द्वेष एका रात्रीत कसा झाला हे कोडे मानीत आलो. आता वाटते की कोडे काहीच नाही. जो तिचे ऐकू शकत नव्हता, त्याच्या मनात तामार कधी नव्हतीच. त्याची स्वतःची भूक होती आणि तिला त्याने तामारेचे नाव दिले होते. पौल करिंथकरांस लिहितो की प्रीती स्वार्थ पाहत नाही आणि ती धीर धरते. धीराचा उल्लेख तो सर्वांत आधी करतो. तरुणांनो, मुलगा किंवा मुलगी तुमच्यावर किती प्रेम करते हे रात्री किती निरोप येतात यावरून मोजू नका. एखाद्या लहानशा गोष्टीला ‘नाही’ म्हणून पाहा. आज भेटायला येणार नाही, तुला माझा फोटो पाठवणार नाही, हात धरलेला मला आवडत नाही. पुढे काय होते? ते ‘नाही’ ऐकले गेले, दुसऱ्या दिवशी त्याबद्दल रुसवा आणि टोमणे आले नाहीत, तर त्या नात्यात श्वास घ्यायला जागा आहे. “खरं प्रेम असतं तर तू नाही म्हणाली नसतीस” हे वाक्य जिथे आले तिथे सावध व्हा. मुलींकडूनही हे वाक्य येते, हेही सांगितले पाहिजे.

बारडोलीला हे विचार मनात घेऊन फिरताना आम्हांला एका गोष्टीचे नवल वाटत होते. हे गाव जगाला माहीत आहे ते ‘नाही’ म्हणण्याबद्दलच! सरकारने शेतसारा सुमारे २२ टक्क्यांनी वाढविला, तेव्हा १२ फेब्रुवारी १९२८ रोजी इथल्या शेतकऱ्यांनी तो न भरण्याचा ठराव केला. जप्त्या झाल्या, म्हशी नेल्या, जमिनींचे लिलाव झाले. लोकांनी हात उगारला नाही आणि साराही भरला नाही. ऑगस्टमध्ये सरकारला चौकशी मान्य करावी लागली. ब्रूमफील्ड आणि मॅक्सवेल या अधिकाऱ्यांनी ती केली आणि वाढ सुमारे ६ टक्क्यांवर आली. या लढ्यातच वल्लभभाईंना ‘सरदार’ हे नाव मिळाले.

परंतु त्याच शिवारात त्या काळी असेही लोक होते ज्यांच्या ‘नाही’ला काही किंमत नव्हती. त्यांना हाळी म्हणत. तरुण मुलाच्या लग्नासाठी जमीनमालकाकडून कर्ज घ्यावयाचे आणि त्या दिवसापासून त्याची चाकरी करावयाची. कर्ज फिटत नसे, बायकोही मालकाच्या घरी राबे. लग्न म्हणजेच बेडी! ती प्रथा गेली. उसाच्या फडात उभे राहून ती मुलाची आई जे बोलली ते मात्र आम्हांला वारंवार आठवले. सून आली तर कोयता होतो.

सुरत जिल्ह्याशी आणखी एका ‘नाही’चा संबंध आहे, आणि ते मराठी मुलीचे आहे. मुंबईच्या रखमाबाईंचे लग्न त्या अकरा वर्षांच्या असताना दादाजी भिकाजी यांच्याशी लावण्यात आले. त्या माहेरीच वाढल्या, शिकल्या. मोठेपणी त्यांनी सासरी नांदावयास जाण्यास नकार दिला. नवऱ्याने १८८४ साली दावा लावला. पहिला निकाल रखमाबाईंच्या बाजूने झाला, परंतु अपिलानंतर मार्च १८८७ मध्ये न्यायालयाने सांगितले की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाईन. जे लग्न मी समजून-उमजून केलेले नाही त्यात मी राहणार नाही, हा त्यांचा मुद्दा होता. वर्तमानपत्रांतून त्यांच्यावर केवढा गहजब झाला! शेवटी १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. रखमाबाई विलायतेला गेल्या, डॉक्टर झाल्या, आणि परत आल्या त्या सुरतेच्या स्त्रियांच्या दवाखान्यात. तेथे त्यांनी कितीतरी वर्षे बाळंतिणींची सेवा केली. त्यांचे ‘नाही’ कोणी ऐकलेच नसते तर सुरतेच्या त्या बायकांना त्यांची डॉक्टर मिळाली नसती. रखमाबाई ख्रिस्ती नव्हत्या. पण आम्हांला वाटते, तामारेचे जे ऐकले गेले नाही ते रखमाबाईंचे, उशिरा का होईना, ऐकले गेले, आणि यात देवाचा हात पाहावयास काही हरकत नसावी.

पवित्र शास्त्रातही मुलीला विचारल्याचे उदाहरण आहे. अब्राहामाचा चाकर रिबकेला मागणी घालण्यास आला. दागिने दिले, जेवणे झाली, भाऊ आणि बाप कबूल झाले. तरी निघण्याच्या सकाळी घरची माणसे म्हणतात, मुलीला बोलावून तिच्याच तोंडून ऐकू. मग तिला विचारतात, या मनुष्याबरोबर तू जाशील काय? आमच्या लग्नांच्या उपदेशांत उत्पत्तीचा चोविसावा अध्याय नेहमी येतो. विहिरीचे पाणी येते, उंट येतात, नाकातली नथही येते. हा प्रश्न कोणी सांगत नाही. राहेलीसाठी याकोबाने सात वर्षे चाकरी केली आणि ती त्याला थोड्या दिवसांसारखी वाटली, हे मात्र सर्वजण सांगतात. सांगावे, कारण वाट पाहणारी प्रीती तीच. फक्त त्याच अध्यायातल्या लेआचाही विचार करावा. लाबानाने तिला अंधारात पुढे ढकलले आणि तिला कोणी काही विचारले नाही. त्या न विचारण्याने दोन बहिणींचे आयुष्य कडू झाले.

संशयाविषयीही दोन शब्द लिहितो. ‘माझ्यावर प्रेम आहे तर फोनचा पासवर्ड सांग, त्या मैत्रिणीशी बोलू नकोस, कुठे जातेस ते कळव,’ असे मागणे आजची मुले प्रेमाची खूण समजतात. गांधीजींचे लग्न तेराव्या वर्षी झाले. कस्तुरबांनी आपल्या परवानगीवाचून कुठे जाऊ नये, देवळातसुद्धा जाऊ नये, असा हट्ट त्यांनी कसा धरला आणि त्यांनी तो कसा जुमानला नाही, हे गांधीजींनी आत्मचरित्रात स्वतःच्या लाजेखातर लिहून ठेवले आहे. तेरा वर्षांच्या मुलाला नवरेपण देऊन टाकले म्हणजे तो दुसरे काय करणार? पहारा ठेवणे ही त्याची प्रीतीची कल्पना. निकोप नात्यात माणसाचे मित्र, अभ्यास, आईवडिलांशी बोलणे, मंडळीत येणे हे पूर्वीसारखे चालू राहते, किंबहुना वाढते. ज्या नात्यात पडल्यापासून मुलगी तरुण संघात येईनाशी झाली, ते नाते आपण जरा जवळून पाहिले पाहिजे.

पाहिले पाहिजे म्हणजे पाळत ठेवली पाहिजे असे नव्हे. शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, आमची आपणांस विनंती आहे की २ शमुवेलाचा तेरावा अध्याय चौदा वर्षांवरील मुलांपुढे उघडा. मुले आणि मुली एकत्र असताना उघडा, कारण मुलींना एकट्यांना सांभाळून राहण्याचा उपदेश आपण पुष्कळ केला आहे. ‘नाही’ ऐकण्याचा धडा मुलांना द्यावयाचा राहिला आहे. आणि अध्याय वाचाल तेव्हा तो शेवटपर्यंत वाचा. तामारेचा भाऊ अबशालोम तिला सांगतो, गप्प राहा, तो तुझा भाऊ आहे. राजा दावीद फार संतापतो आणि काहीच करीत नाही. तामार भावाच्या घरी उदास होऊन राहते. दोन वर्षांनी मेंढरांच्या लोकरकातरणीच्या वेळी अबशालोम अम्नोनाला मारवितो. घरातले ‘गप्प राहा’ शेवटी रक्तापर्यंत गेले. आपल्या वर्गातील एखादी मुलगी काही सांगू लागली तर तिला हे दोन शब्द आपण सांगू नयेत. २०१२ च्या कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलामुलींशी शरीरसंबंध हा, त्यांची संमती असली तरी, गुन्हा आहे. आणि मुलावर अत्याचार झाल्याचे समजल्यावर तो न कळविणे हाही गुन्हा आहे. १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक वर्गाच्या भिंतीवर लिहून ठेवावा. काही मंडळ्यांत यामुळे कपाळाला आठ्या पडतील. पडू द्या.

मघाच्या दोघांविषयी सांगावयाचे राहिले. पाळकसाहेबांनी नकार दिल्यावर मुकादम उचलीचे पैसे परत मागू लागला. काही रक्कम खर्च झाली होती. शेवटी मुलगा थोरल्या भावाच्या कोयत्यावर तिसरा हात म्हणून गेला, आणि राहिलेली उचल त्याच्या मजुरीतून कापली गेली. ‘लग्न लावू नका’ असे सांगणाऱ्या मंडळीने त्या कुटुंबाला एका पैशाची मदत केली नाही, हे येथे लिहिलेच पाहिजे. नुसते नियम सांगून आपण हात धुतले.

नाताळानंतर आम्ही त्याला बारडोलीजवळच्या पडावावर भेटलो. कोप्यांपुढे चुली पेटल्या होत्या, वाढे बैलांपुढे टाकले होते. त्याच्या तळहातांना फोड आले होते. आम्ही काही विचारले नाही. चहा घेताना तो आपणहून म्हणाला, “मी तिला तसं बोलायला नको होतं. तिने नाही म्हटलं ते मला नव्हतं, कोयत्याला होतं. मला ते तेव्हा समजलं नाही.” मग बऱ्याच वेळाने विचारले, “ती अकरावीला गेली का हो?”

गेली होती. आता ती बारावीला आहे. या दिवाळीनंतर तो पुन्हा तिकडे गेला आहे, आणि आयटीआयचा अर्ज भरून ठेवला आहे असे त्याचे वडील सांगतात. ते दोघे अजून बोलतात की नाही, हे आम्ही विचारलेले नाही.